रस्त्यापलीकडचा समुद्र

याकूबभाईंना कुठलीही वस्तू दाखवायची म्हणजे आधी घरातलं सामान बाजूला सारावं लागायचं. अतिशयोक्ती करत नाही. माझ्या भाच्याच्या लग्नाचा फोटो बघायला दिला, तर या माणसानं तो भिंतीला टेकवून ठेवला, एक डोळा मिटला आणि मागं मागं सरकत थेट गॅलरी गाठली. सरकता सरकता माझी तुळस पाडली. कुंडीचे तीन तुकडे झाले. मग खाली बसून स्वतः माती गोळा केली, दहा वेळा माफी मागितली आणि हात झटकत म्हणाले, "पण ताई, नवरदेव हितनं छान दिसतो. जवळनं जरा घाबरलेला वाटत होता."

आता यावर रागावणार तरी कसं? नवरदेव खरंच घाबरलेला होता.

याकूबभाई रत्नागिरीकडचे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले आणि मस्कतला येऊन बोर्ड रंगवणारे पेंटर झालेले. आम्ही मस्कतच्या रुवी भागात राहायला आलो तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या दुकानांवर त्यांच्याच हाताची अक्षरं होती. शिंपी, औषधवाला, घड्याळवाला, लाँड्री. वर अरबी, खाली इंग्रजी. अरबी अक्षर असं वळवायचे की आमच्या खालचा ओमानी दुकानदार येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचा. देवनागरी मात्र त्यांना इथं कुणी लिहायला सांगितलीच नाही. सांगणार कोण?

त्यांची एक पद्धत होती. बोर्ड पुरा झाला की हे शिडीवरून उतरत नसत. ब्रश कानावर अडकवून वरच उभे राहायचे आणि पलीकडच्या फुटपाथवरून जाणाऱ्या कुणा अनोळखी माणसाला हाक मारायचे, "ओ भाई, ऊपर क्या लिखा है?" तो माणूस चालता चालता, न थांबता वाचून गेला, की काम पास. तो जर थांबला, डोळे बारीक केले, मान वाकडी केली, की संपलं! पुन्हा डबा उघडायचा, पुन्हा अक्षर जाड करायचं. एकदा औषधाच्या दुकानाचा बोर्ड त्यांनी भर उन्हात तीनदा रंगवला, कारण तिन्ही वेळा माणसं थांबत होती. दुकानाचा मालक, म्हणजे इथल्या भाषेत अर्बाब, वैतागला. त्याचं म्हणणं, अक्षरं ओबडधोबड दिसतायत, कडा जाड झाल्यात. याकूबभाई खाली उतरले, त्या अर्बाबचा हात धरला आणि हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांमधून त्याला रस्त्यापलीकडे नेऊन उभा केला. अर्बाबनं वर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग हसून "खलास!" म्हणाला, म्हणजे झालं, पास, आणि याकूबभाईंना थंडगार ताक, इथलं लबान, पाजलं.

"रस्ता ओलांडून बघा," हे त्यांचं एकच वाक्य. बोर्डाला तेच, माणसाला तेच. माझं आणि नवऱ्याचं कशावरून तरी वाजलं होतं तेव्हा त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. नवरा म्हणाला, "रस्ता ओलांडला तर परत येणार नाही!" त्यावर तिघंही हसलो आणि भांडण तिथंच मिटलं.

आमची खरी ओळख झाली ती एका पुस्तकामुळं. मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. त्या वर्षी जुनी, फाटकी पुस्तकं काढून टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दाराशी पुस्तकांचा ढीग. याकूबभाई शाळेच्या जिन्यात पाट्या बसवायला आले होते. पाणी प्यायला म्हणून वाचनालयात शिरले आणि ढिगापाशीच थबकले. वरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर समुद्र होता. खडकावर फुटणारी एक भलीमोठी लाट, बाकी काही नाही. त्यांनी ते पुस्तक उचललं, खिडकीत ठेवलं आणि मागं सरकत सरकत माझ्या टेबलावर येऊन आदळले.

"हे टाकताय?" त्यांनी विचारलं. आवाजात असा धक्का, जणू मी एखादं मूल टाकत होते.

"पाठीमागची शिवण गेलीय हो. मुलं हात लावत नाहीत."

"मग मी लावतो."

पुस्तक एका अमेरिकन चित्रकाराविषयी होतं. एकोणिसाव्या शतकातला माणूस, शहर सोडून समुद्रकाठी एकटा राहिला आणि जन्मभर लाटा काढत बसला. नाव मुखपृष्ठावर ठळक होतं, मी त्यांना दहा वेळा वाचून दाखवलं. पण याकूबभाईंनी आतला पांढऱ्या मिशांचा फोटो पाहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'म्हातारा'. शेवटपर्यंत म्हाताराच.

पुढच्या शुक्रवारी नमाज उरकून ते पुस्तक घेऊन घरी हजर. इंग्रजी त्यांना बोर्डापुरतं यायचं, परिच्छेद आला की अडायचं. "ताई, चित्रं बघून झाली. आता लोक काय बोलले ते वाचा." मी मुळात आगाऊ, त्यात कुणी वाचायला सांगतंय म्हटल्यावर काय! इंग्रजी डोळ्यांनी वाचायचं आणि मराठीत तोंडानं सांगायचं, असं सुरू झालं. चहा, बटर आणि म्हातारा. तीन वर्षं आमचे शुक्रवार असे गेले.

स्तुतीची पानं त्यांना नको असायची. "ती ठेवा. टीका वाचा." त्या पुस्तकात त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या टीकाकारांचं म्हणणं भरपूर दिलं होतं. सगळ्यांची तक्रार साधारण एकच. चित्र अपूर्ण आहे, रंग जाडाभरडा आहे, कडा पुसटलेल्या आहेत, गोडवा नाही, एवढी घाई कसली. मी वाचायची आणि याकूबभाई पुस्तकाकडं बोट रोखून थेट त्या मेलेल्या माणसाला विचारायचे, "अरे, पण तू उभा कुठं होतास? ते आधी सांग!"

मला हसू यायचं. मीही त्यांच्या बाजूनं त्या टीकाकारांना यथेच्छ नावं ठेवायची. एकाला आम्ही 'चष्मेवाला' म्हणायचो, एकाला 'दीडशहाणा'. काय ऐट असायची माझी! हातात चहाचा कप, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विद्वानांना मी रुवीतल्या दोन खोल्यांत बसून मूर्ख ठरवत होते.

पण याकूबभाई आंधळे भक्त नव्हते, हेही सांगायला हवं. एका टीकाकारानं लिहिलं होतं की होडीतल्या कोळ्याचा खांदा चुकलाय. मी तयारीतच होते, म्हटलं आता याला झोडपायचा. याकूबभाईंनी चित्र उचललं, गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. आणि म्हणाले, "हा बरोबर बोलतोय. अशा खांद्यानं वल्हं मारता येत नाय. माझा बाप होडीवर होता, मला ठाव हाय. म्हातारा चुकला." त्या दिवशी त्यांनी त्या टीकाकाराच्या नावाखाली पेन्सिलनं एक छोटी रेघ मारली. पास केल्याची.

मधल्या काळात बोर्ड रंगवण्याचं काम गेलं. छापायची मशीनं आली, आतून उजेड पडणारी अक्षरं आली. ते ज्या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत होते तिचा कारखाना शहराबाहेर रुसैलला हलला आणि याकूबभाईंच्या हातात ब्रशऐवजी ड्रिल आलं. कुणीतरी मशीननं कापलेली अक्षरं हे भिंतीला स्क्रूनं बसवायचे. मी हळहळले तर म्हणाले, "हात चालतोय ना, बस." पण त्याच दिवसांत कंपनीच्या राहायच्या खोल्यांमागं त्यांनी एक वाया गेलेला आठ बाय चारचा ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केला आणि त्यावर बोर्डाच्याच रंगानं, हाताएवढ्या रुंद ब्रशनं समुद्र काढायला घेतला.

"कुठला समुद्र? इथला की रत्नागिरीचा?" मी विचारलं.

"समुद्र एकच हाय ताई. मी मधला काढतोय."

तो मला मात्र त्यांनी कधी दाखवला नाही. भिंतीवर लागेपर्यंत नाही, असा हट्ट. त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी मला स्पष्ट सांगितली होती. मस्कतमधली आमची मराठी मंडळी दर हिवाळ्यात एका सभागृहात चित्रांचं छोटं प्रदर्शन भरवतात. तिथं ते चित्र लागायला हवं होतं. "सगळी उमर दुसऱ्यांची नावं लिहिली. बोर्डावर पेंटरचं नाव नसतं. एकदा भिंतीवर लागू दे, खाली माझं नाव येऊ दे. परमिट संपायच्या आत. मग गावी जाऊन गळ टाकून बसतो."

"गावी लावा की! रत्नागिरीत काय भिंती नाहीत?"

"काम हितं केलं. हितंच लागायला पाहिजे."

पहिल्या वर्षी चित्र परत आलं. कारण, बोर्डाचा रंग चालत नाही. याकूबभाईंनी समितीकडून ते कारण चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि ती चिठ्ठी म्हाताऱ्याच्या पुस्तकात, टीकाकारांच्या पानाशेजारी डकवली. दुसऱ्या वर्षी पुन्हा परत. कारण, मांडणी विस्कळीत. तीही चिठ्ठी डकवली. "बगा ताई, म्हाताऱ्याच्या पंगतीला बसलो," म्हणाले आणि पुन्हा पत्र्यासमोर जाऊन उभे राहिले. ड्युटी संपली की रोज. उन्हाळ्यात रंग डब्यातच घट्ट व्हायचा, तरी रोज. तिसरं वर्ष शेवटचं होतं. साठी झाली होती, कंपनी परमिट वाढवणार नव्हती, तिकिटाची तारीख ठरली होती.

आणि त्याच वर्षी मंडळींनी मला निवड समितीवर घेतलं. पुस्तकातली बाई, चार शब्द नीट लिहील, म्हणून.

जे झालं ते लपवणार नाही. समितीत आम्ही तिघं होतो. एक आर्किटेक्ट, चित्रकलेचे क्लास घेणाऱ्या एक वहिनी, आणि मी. निवडीसाठी जागा मिळाली होती ती एका शाळेतला वर्ग. लहानशी खोली, बाकं जोडून टेबलं केलेली, चित्रं त्यावर आडवी मांडलेली. चित्रांवर नावं नव्हती, नुसते आकडे. पण आठ बाय चारचा पत्रा आणखी कोण आणणार? चार बाकांवर तो पसरला होता. मी वाकून पाहिलं. हिरवट, करडे, पांढरे रंगाचे पट्टे. जाड, खरबरीत. मध्येच एक काळा फराटा. समुद्र? मला तर वाळलेल्या रंगाचे पापुद्रे दिसत होते. वहिनी म्हणाल्या, "अर्धवट सोडलंय." आर्किटेक्ट म्हणाले, "जागाही फार खाईल." मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

मला भीती वाटली. याकूबभाई आमच्या घरी येतात हे दोघांनाही माहीत होतं. ओळखीच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. मी म्हटलं, "नको." वर कारणाची चिठ्ठीही मीच लिहिली, माझ्या सुवाच्य अक्षरात. 'चित्र अपूर्ण वाटते. जवळून केवळ रंगाचे पट्टे दिसतात.' खाली सही नव्हती. चिठ्ठी त्यांच्यापर्यंत दुसऱ्यानं पोचवायची होती, म्हणजे माझं नाव कळायचा प्रश्न नव्हता. असं मला वाटलं. अक्षरांवर आयुष्य काढलेल्या माणसापासून मी अक्षर लपवत होते, कर्म माझं!

त्या शुक्रवारी ते येणार नाहीत असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर येऊ नयेत असंच वाटत होतं. ते आले. नेहमीसारखे बसले. पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. चष्मेवाल्याच्या शेजारी नवी चिठ्ठी डकवलेली.

"आज हे वाचा ताई."

मी वाचलं. तीन वर्षं मी त्यांना मोठ्यानं टीका वाचून दाखवत आले होते, आणि आता तेच वाक्य माझ्या अक्षरात माझ्याच तोंडून निघालं. नवरा उठून आत गेला.

याकूबभाई रागावले नाहीत. पुस्तकाकडं बोट रोखलं नाही. माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "तुम्ही उभ्या कुठं होतात?"

"बाकापाशी," मी म्हटलं. "वाकून. खोली लहान होती हो, मागं सरकायला जागाच नव्हती."

"पत्र्याच्या पाठीमागं लिहिलं होतं मी. तीस पावलांवरनं बघा म्हणून."

"आम्ही तो पालथा केला नाही."

"पालथा कशाला कराल? चित्र पुढं असतं. तेवढं माझं चुकलं, पुढं लिहायला हवं होतं." चहाचा घोट घेऊन त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "पण तुम्ही 'जवळून' लिहिलंत. ते खरं लिहिलंत. खोटं नाय लिहिलंत." आणि खिशातली पेन्सिल काढून माझ्या वाक्याखाली एक छोटी रेघ मारली.

ती रेघ बघून मला रडू फुटलं. मी म्हटलं, मी त्या दोघांना फोन करते, अजून वेळ आहे, भांडते. त्यांनी हात हलवला. "नको. गुरुवारी रुसैलला या. चार वाजता, शिफ्ट सुटायच्या आधी. साहेबांना पण आणा."

गुरुवारी मी शाळेतून परस्पर निघाले, नवऱ्यानं गाडी काढली. रुसैलच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कारखाने, गोदामं, ट्रक. याकूबभाईंच्या कंपनीचा स्वतःचा बोर्ड नवीन बसवायचा म्हणून उतरवला होता आणि दाराच्या वरची लोखंडी चौकट आठवडाभर रिकामी राहणार होती. याकूबभाईंनी सरळ कंपनीच्या अर्बाबला विचारलं होतं. अर्बाब म्हणाला होता, यल्ला, चल, आठवडाभर लाव.

आम्ही पोचलो तेव्हा ते शिडीवर होते. पत्रा वर चढला होता, शेवटचा बोल्ट आवळणं चाललं होतं. मी गाडीतून उतरून शिडीखाली जाऊन उभी राहिले, मान वर केली. पुन्हा तेच! तेच पट्टे, तोच काळा फराटा.

"हितं काय करताय?" ते वरून ओरडले. "रस्ता ओलांडा!"

ओलांडला. ट्रकमधून, धुळीतून, नवऱ्याचा हात धरून. पलीकडं पोचून वळले. त्यांनी वरून हात हलवला, अजून मागं. मी मागं सरकले. अजून मागं. पाठ तारेच्या कुंपणाला टेकली.

आणि लाट उभी राहिली. मी दुसरं काय सांगू? करड्या पट्ट्यांतून पाणी वर आलं, पांढरे पापुद्रे फुटून फेस झाले, आणि तो काळा फराटा म्हणजे लाटेवर चढणारी होडी होती, तिच्यात वाकलेला एक माणूस. त्याचा खांदा बरोबर होता. वल्हं मारता येईल असा. नवरा म्हणाला, "अरे बापरे!" हे मी अपूर्ण म्हटलं होतं. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही.

याकूबभाईंनी डबा उघडला. कानावरचा ब्रश काढला आणि पत्र्याच्या खालच्या पट्टीवर लिहायला लागले. मोठं, जाड, घाई न करता. अरबी नाही, इंग्रजी नाही. देवनागरी. त्यांच्या हातची देवनागरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. लिहून झालं तरी ते खाली उतरेनात. ब्रश कानावर अडकवून वरच उभे. मला एकदम त्यांची पद्धत आठवली.

"मी वाचते!" मी हात वर करून ओरडले. "याकूबभाई, मी वाचते!"

"तुमचं धरत नाय!" ते ओरडले. "तुम्ही ओळखीच्या!"

शिफ्ट सुटली. कामगारांच्या बसेस एकामागून एक बाहेर पडायला लागल्या. पहिल्या बसमधले सगळे झोपलेले. दुसऱ्या बसनं हॉर्न मारला आणि गेली. याकूबभाई तसेच, एका हातानं चौकट धरून, मागं समुद्र घेऊन उभे. तिसऱ्या बसच्या खिडकीत एक माणूस डोकं टेकून बसला होता, उत्तर भारतातला असावा. त्याची नजर वर गेली.

"ओ भाई!" याकूबभाईंनी हाक मारली. "क्या लिखा है?"

बस थांबली नाही. त्या माणसानं डोळेही बारीक केले नाहीत. जाता जाता, खिडकीतून डोकं काढून मोठ्यानं वाचलं, "याकूब, रत्नागिरी!"

मग याकूबभाई शिडीवरून खाली उतरले.